साठ दिवसांच्या करारासाठी नोकरी सोडू का?

वाचकाचं पत्र :

«मी तीस वर्षांची आहे, पनवेलला राहते. अर्थशास्त्रात एम.ए. करून सहा वर्षं न्हावा शेवाजवळच्या एका सीएफएसमध्ये (कंटेनर फ्रेट स्टेशन, बंदराबाहेरचं कंटेनर हाताळायचं केंद्र) नोकरी करतेय. आधी डॉक्युमेंटेशनमध्ये होते, गेली तीन वर्षं प्लॅनिंगमध्ये आहे. कंटेनर कुठे, किती दिवस आणि का अडकतो हे रोज बघते. मला आंतरराष्ट्रीय संस्थेत पायाभूत सुविधा आणि लॉजिस्टिक्सची अर्थतज्ज्ञ व्हायचंय. चौदा ठिकाणी अर्ज केले, कुठूनच बोलावणं आलं नाही. आता एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडून भारत-नेपाळच्या रक्सौल–बीरगंज सीमेवर माल किती वेळ थांबतो, याच्या अभ्यासासाठी साठ दिवसांचा सल्लागार करार देऊ केलाय. ऑफिस एवढी रजा देणार नाही. राजीनामा देऊ का? पीएचडी नाही म्हणून अर्ज मागे पडतात का? घरचे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस.»

प्रिय वाचक,

राजीनामा देऊ नका, निदान आता तरी. आणि करारही सोडू नका. दोन्ही जमण्यासारखं आहे, पण त्यासाठी सही करण्याआधी संस्थेला काही नेमके प्रश्न विचारावे लागतील. घरचे म्हणतात ती म्हण खोटी नाही. फक्त हातचं की पळतं, असं निवडायची वेळ अजून आलेली नाही.

सल्लागार करारातले साठ दिवस म्हणजे सहसा कॅलेंडरवरचे सलग साठ दिवस नसतात. ते कामाचे दिवस असतात आणि बहुतेक वेळा सहा ते आठ महिन्यांत विखुरलेले असतात. प्रत्यक्ष सीमेवर राहावं लागेल ते फार तर वीस दिवस. बाकीचं काम घरून होतं. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा : काम सलग हवंय की खंडित चालेल, आणि प्रत्येक अहवालाची तारीख काय? उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको. खंडित चालणार असेल तर तुमच्या ऑफिसकडे मागणी साठ दिवसांच्या रजेची उरत नाही. वीस दिवसांची रजा आणि बाहेरचं काम करायला लेखी ना-हरकत, एवढीच उरते. ती मिळण्याची शक्यता बरीच जास्त आहे.

ना-हरकत पत्र टाळू नका. तुमचा मालक सीमाशुल्काच्या व्यवसायात आहे आणि अभ्यासही सीमाशुल्काचाच आहे. हा हितसंबंध संस्थेला आधीच कळवला तर ती साधी नोंद ठरते; नंतर तिला दुसरीकडून कळला तर करार रद्द होतो आणि नाव खराब होतं. त्याच न्यायाने, सीएफएसमधली ग्राहकांची बिल ऑफ एन्ट्री (आयातीचे सीमाशुल्काचे कागद), दर, डिटेन्शनची (कंटेनर उशिरा परत केल्याच्या आकाराची) बिलं यांतलं काहीही अभ्यासात वापरू नका, नावं पुसूनसुद्धा. परवानगीशिवाय ती माहिती तुमची नाही.

आता मोबदला. तुमचा वार्षिक पगार, पीएफ आणि बोनस धरून, समजा १४ लाख रुपये आहे. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तर दिवसाला ६,३६४ रुपये पडतात. सल्लागाराला पीएफ नाही, पगारी रजा नाही, बहुधा आरोग्यविमा नाही आणि दोन कामांच्या मधला काळ बिनपगारी असतो. म्हणून या आकड्याला किमान दीडने, शक्य असेल तर १.८ने गुणा. म्हणजे दिवसाला साधारण ९,५०० ते ११,५०० रुपये. याच्या खाली गेलात तर तुम्ही स्वतःच्या खिशातून अभ्यास करताय. शिवाय साठ दिवसांचं काम पंच्याहत्तर दिवसांवर जाणं अगदी नेहमीचं आहे. तसं झालं की तुमचा दर आपोआप वीस टक्क्यांनी उतरतो. हे वाढीव दिवस कुठून येतात तेही सांगतो : मसुद्यावर चार-पाच खात्यांचे शेरे येतात, ते एकमेकांविरुद्ध असतात आणि प्रत्येकाला लेखी उत्तर द्यावं लागतं. टर्म्स ऑफ रेफरन्समध्ये (कामाची व्याप्ती आणि अटी सांगणाऱ्या कागदात) शेऱ्यांच्या उत्तरांसाठी पाच ते आठ दिवस वेगळे मागा आणि शेरे किती वेळा येणार याची मर्यादाही घालून घ्या. दोन फेऱ्या पुरतात.

पैसे अहवाल दिल्यावर मिळत नाहीत, अहवाल मान्य झाल्यावर मिळतात. या दोन तारखांमध्ये दोन-तीन महिने सहज जातात. इन्सेप्शन रिपोर्टवरच (कामाची आखणी मांडणाऱ्या पहिल्या अहवालावरच) काही हिस्सा मिळेल असं बघा. करांचंही आधीच बघा. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांच्या पगाराला भारतात आयकरातून सूट आहे, पण सल्लागाराला ती आपसूक मिळेल असं समजू नका. इथे टीडीएस कापणारं कोणी नसेल, तेव्हा आगाऊ कर तुम्हालाच भरावा लागेल : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. चांगल्या सीएला एकदा भेटा आणि जीएसटीचंही त्याच बैठकीत विचारा.

हे झालं कागदाचं. आम्हाला खरी काळजी वाटते ती सर्वेक्षणाच्या मनुष्यबळाची, कारण अशा करारांत पहिल्यांदा काम करणारे हमखास इथेच फसतात. जागतिक सीमाशुल्क संघटनेची जी टाइम रिलीज स्टडीची, म्हणजे माल सुटायला लागणारा वेळ मोजायची पद्धत आहे, तिच्यात साधारण सलग सात दिवसांची नोंद घेतात. न्हावा शेवाच्या सीमाशुल्क विभागाचे असे अहवाल तुम्ही चाळले असतीलच. तिथे बरीचशी वेळ संगणकातून मिळते. जमिनीवरच्या सीमेवर तसं नसतं. पार्किंग यार्डाचं फाटक, रक्सौलच्या एकात्मिक तपासणी नाक्याचं फाटक आणि बीरगंजच्या भन्सारमधून (नेपाळी सीमाशुल्क कार्यालयातून) बाहेर पडायचं फाटक, अशा तीनच जागा धरल्या, तीन पाळ्या आणि पाळीला दोन माणसं धरली, तरी दिवसाला अठरा जण होतात. सात दिवसांच्या १२६ पाळ्या. वर दोन पर्यवेक्षक आणि एखाद्-दुसरा बदली माणूस. टर्म्स ऑफ रेफरन्समध्ये या माणसांसाठी वेगळी तरतूद आहे का? «सल्लागार सर्व माहिती गोळा करेल» एवढंच वाक्य असेल तर तो खर्च तुमच्या मानधनातून जाणार आहे. सही करण्याआधीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा अभ्यास नीट झाला तर तोच तुमचा पुढचा अर्ज असेल.

भारताकडून निघालेल्या मालाची नोंद आपल्या बाजूला शिपिंग बिल (निर्यातीचा सीमाशुल्काचा कागद) आणि लेट एक्सपोर्ट ऑर्डरपर्यंत (माल बाहेर जाऊ द्यायच्या आदेशापर्यंत) होते. पलीकडे नेपाळी भन्सारमध्ये प्रज्ञापन पत्र (मालाचं घोषणापत्र) भरलं जातं आणि ते अंक्टाडने (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेने) घडवलेल्या असिकुडा या संगणक प्रणालीत चढतं. दोन्ही प्रणाली आपापल्या फाटकाच्या आतलं सांगतात. ट्रक रस्त्यावर रांगेत होता, यार्डात कागदांची वाट बघत होता, पलीकडे एजंट पैसे भरायला गेला होता, ही वेळ कुठल्याच संगणकात नाही. आणि वाया जाणारा वेळ बहुतेक तिथेच असतो. फक्त सरकारी नोंदींवर अभ्यास केला तर दोन्ही खाती म्हणतील की आमच्याकडे माल काही तासांत सुटतो. दोघांचंही खरं असेल, आणि ट्रक तरी तीन दिवस उभा असेल. तुमच्या अभ्यासाचं मोल या मधल्या दरीची नोंद घेण्यात आहे.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. एका बाजूची वेळ दुसऱ्या बाजूच्या वेळेतून तशीच वजा केली तर प्रत्येक ट्रकमागे पंधरा मिनिटांची चूक होते आणि नेपाळकडून भारतात रांगेविना आलेल्या गाड्यांचा वेळ चक्क उणे दिसू शकतो. सगळ्या नोंदी एकाच प्रमाणवेळेत घ्यायच्या हे पहिल्या दिवशीच ठरवा आणि नोंद घेणाऱ्यांचे फोन त्याच वेळेला लावून ठेवा, कारण सीमेवर नेपाळी टॉवरचं नेटवर्क पकडलं की फोन आपणहून वेळ बदलतो. पलीकडच्या कागदी नोंदवह्यांत तारीख विक्रम संवताची असू शकते. तेव्हा बदलाचा तक्ता सोबत ठेवा. नेपाळची साप्ताहिक सुट्टी शनिवारी, आपली रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलेल्या ट्रकचं काय होतं ते वेगळं काढून दाखवा. नुसत्या या दोन सुट्ट्यांच्या विसंगतीवर धोरणाची एक चांगली शिफारस उभी राहू शकते, आणि तिला काँक्रीटचा एक घमेलाही लागत नाही.

सर्वेक्षणाचा आठवडा निवडताना दशैंचा, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याचा विचार करा. सणाआधी नेपाळात आयात वाढते, सणात आणि पुढे छठच्या दिवसांत सीमा मंदावते. गर्दीच्या आठवड्यावरून काढलेली सरासरी वर्षाला लावली तर फायदे फुगतात. जमलं तर एक गर्दीचा आणि एक साधा असे दोन आठवडे घ्या. खर्चात एकच बसत असेल तर साधा आठवडा निवडा आणि वर्षभराच्या मासिक वाहनसंख्येवरून तो किती प्रातिनिधिक आहे ते अहवालात लिहा.

गाडीचा नंबर पूर्ण लिहून घ्या. शेवटचे चार आकडे पुरतील असं वाटतं, पण आठवड्याभरात तेच चार आकडे असलेल्या दोन-तीन गाड्या येतात आणि जोड्या चुकीच्या लागतात. कंटेनरच्या बाबतीत तुम्हाला एक फायदा आहे : अकराव्या खणातला तपासणी अंक. चार अक्षरं आणि सहा आकड्यांवरून तो काढता येतो, म्हणजे रात्रपाळीत टॉर्चच्या उजेडात चुकलेला नंबर त्याच संध्याकाळी एक्सेलमध्ये पकडता येतो. कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून रेल्वेने थेट बीरगंजजवळच्या सिर्सियाच्या सुक्या बंदरात (समुद्रापासून दूरच्या कंटेनर स्थानकात) जाणारे कंटेनर मात्र वेगळे ठेवा. त्यांना इलेक्ट्रॉनिक कुलूप असतं, त्यांची वाटही वेगळी आहे. रस्त्यावरच्या ट्रकशी त्यांची सरासरी मिसळली तर दोन्हीचा अर्थ जातो.

आणि सरासरीवर थांबू नका. मध्यक द्या, नव्वदावा शततमक (ज्या वेळेच्या आत शंभरातले नव्वद ट्रक सुटतात ती वेळ) द्या. समजा निम्मे ट्रक वीस तासांत सुटतात, पण दहातला एक पाच दिवस अडकतो. बीरगंजचा व्यापारी आपला साठा वीस तासांच्या हिशेबाने ठेवत नाही, पाच दिवसांच्या हिशेबाने ठेवतो. अनिश्चितता हाच खर्च आहे. तो न मोजलेले अहवाल आम्ही फार पाहिले आहेत आणि दर वेळी हळहळ वाटते, कारण आकडे गोळा झालेले असतात, फक्त नीट मांडलेले नसतात.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. चौदा अर्ज का पडले? पीएचडी नाही म्हणून नव्हे. जागतिक बँक किंवा आशियाई विकास बँकेच्या संशोधन विभागात पीएचडी लागते. पण प्रकल्प उभे करणाऱ्या विभागांत, संयुक्त राष्ट्रांच्या प्रादेशिक आयोगांत, अंक्टाडमध्ये, पदव्युत्तर पदवी आणि अनुभव यांवर माणसं घेतात. संयुक्त राष्ट्रांत पदव्युत्तर पदवीसोबत पी-२ या श्रेणीच्या पदाला दोन, पी-३ ला पाच आणि पी-४ ला सात वर्षांचा संबंधित अनुभव मागतात. कागदावर तुमची सहा वर्षं पी-३ ला पुरतात. अडतं ते «संबंधित» या शब्दापाशी. तुमच्या अर्जात «कंटेनर प्लॅनिंग, डॉक्युमेंटेशन, ग्राहक समन्वय» असं लिहिलं असेल तर वाचणाऱ्याला तुम्ही लॉजिस्टिक्सवाल्या दिसता. अर्थतज्ज्ञ कुठेच दिसत नाही.

हे नुसतं शब्दांचं काम नाही. सीएफएसमधला हिशेब आणि अर्थतज्ज्ञाचा हिशेब खरोखर वेगळा आहे. तुमच्या रोजच्या ओळखीचं उदाहरण घेऊ : डिटेन्शन. आयातदाराच्या दृष्टीने तो सरळ खर्च आहे. पण देशाच्या दृष्टीने त्यातला मोठा भाग आयातदाराच्या खिशातून शिपिंग लाइनच्या खिशात गेलेला पैसा आहे. लाइन परदेशी असेल तर पैसा देशाबाहेर गेला, तेही नोंदवावं लागतं. कंटेनर वापराविना पडून राहिला तेवढाच खरा संसाधनांचा खर्च. उशीर कमी झाला की डिटेन्शनची सगळी रक्कम «फायदा» म्हणून मांडणारा अहवाल परीक्षक पहिल्याच वाचनात परत पाठवतो. करांचंही तसंच : डिझेलची पंपावरची किंमत घ्यायची नाही, कर वजा करून घ्यायची.

मग खरा खर्च कसा काढायचा? ट्रकमध्ये ४० लाखांचा माल आहे आणि व्यापाऱ्याला पैसा वर्षाला १२ टक्क्यांनी पडतो असं धरा. एक दिवस थांबला की मालात अडकलेल्या भांडवलाचा खर्च १,३१५ रुपये. त्यात उभ्या ट्रकचा खर्च मिळवा : चालक-क्लीनर, कर्जाचा हप्ता नव्हे तर गाडीच्या भांडवलाचा दिवसाचा वाटा, विमा. नाशवंत माल असेल तर खराबी वेगळी. इथे नेहमीची चूक म्हणजे दोनदा मोजणं. ट्रकमालक उभं राहण्याचा खर्च भाड्यातच लावतो. मग एकदा भाड्यातली बचत आणि पुन्हा उभ्या ट्रकची बचत, असं दोन्ही धरलं की फायदा जवळजवळ दुप्पट होतो. दोन्हींपैकी एकच घ्या आणि कुठलं घेतलं ते लिहा.

रस्त्यांच्या प्रकल्पांत जायचं असेल तर ॲक्सलचं गणित यायला हवं. रस्त्याची झीज ढोबळमानाने ॲक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घातात वाढते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. भार वाढला १३ टक्क्यांच्या आत-बाहेर, पण पूर्ण भरलेल्या ॲक्सलची एका फेरीतली झीज वाढली सुमारे ६२ टक्के. तेवढाच माल न्यायला फेऱ्या कमी लागतात, तीही बचत धरायची. त्यानंतर ठरतं की वाहतूकदाराला झालेला फायदा दुरुस्तीच्या खर्चापेक्षा मोठा आहे की नाही. असे दोन्ही पारड्यांत बसणारे आकडे मांडता येणं, हीच या पदाची परीक्षा.

सवलतीचा दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर, ही परीक्षेची दुसरी जागा. विसाव्या वर्षी मिळणारे १०० कोटी आज किती? १२ टक्क्यांनी १०.४ कोटी, ९ टक्क्यांनी १७.८, ६ टक्क्यांनी ३१.२. आशियाई विकास बँक बरीच वर्षं १२ टक्के धरायची. २०१७ च्या मार्गदर्शिकेपासून ती साधारण ९ धरते. जागतिक बँकेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात सर्वसाधारण दर ६ टक्क्यांचा आहे. म्हणजे एकच बंदर एका बँकेच्या टेबलावर तोट्याचं आणि दुसरीच्या टेबलावर फायद्याचं दिसू शकतं. मुलाखतीत तुमच्या आकड्यांवर पहिला प्रश्न इथून येईल. तीनही दरांनी काढलेलं उत्तर जवळ ठेवा.

लॉजिस्टिक्सवर बोलताना एका आकड्यापासून जपा. भारतात लॉजिस्टिक्सचा खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे, असं कित्येक वर्षं सगळीकडे छापलं गेलं. एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या मोजणीत २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्के निघाला. खर्च एकाएकी निम्मा झाला नव्हता, मोजायची पद्धत नीट झाली होती. अर्जात किंवा लेखी परीक्षेत जुना आकडा टाकलात तर वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही पद्धत वाचलेली नाही. जागतिक बँकेच्या लॉजिस्टिक्स परफॉर्मन्स इंडेक्सचंही तसंच : २०१८ मध्ये आपण १६० देशांत ४४ वे होतो, २०२३ मध्ये १३९ देशांत ३८ वे. क्रमांक सुधारला, पण मधल्या काळात देशांची संख्याही बदलली आणि मालाच्या मागोव्याची माहितीही त्यात आली. नुसते क्रमांक शेजारी ठेवू नका.

शिकायचं कसं, याचं उत्तर महागड्या कोर्सात नाही. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेची प्रकल्पाची कागदपत्रं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत. वाहतुकीचे दहा प्रकल्प निवडा. प्रत्येकाची दोन कागदपत्रं घ्या : कर्ज मंजूर होतानाचं मूल्यमापन आणि काम संपल्यावरचा पूर्णत्व अहवाल. मूल्यमापनात दिवसाला किती गाड्या येतील म्हटलं होतं आणि प्रत्यक्ष किती आल्या, खर्च किती वाढला, परतावा किती टक्क्यांवर उतरला, हे एका तक्त्यात भरा. फरक का पडला ते दोन ओळींत लिहा. दहा प्रकल्प झाले की वाहतुकीचे अंदाज कुठे आणि का फुगतात याची जी जाण येते, ती वर्गात येत नाही. त्यानंतर जागतिक बँकेचं रेड नावाचं एक्सेलवर चालणारं साधन उतरवा. कमी वर्दळीच्या रस्त्यांसाठी ते बनवलंय, फुकट आहे, आणि ते समजलं की एचडीएम-४ सारखं रस्त्यांचं मोठं मॉडेल परकं वाटत नाही. नव्याने निर्माण होणाऱ्या वाहतुकीला अर्धाच फायदा का धरतात, हे त्यात हात घातल्यावर नीट कळेल. सोबत आकडेमोडीसाठी आर किंवा पायथनपैकी एक आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस. इतकं पुरे. फ्रेंच येत असेल तर आफ्रिकेची अर्धी दारं उघडतात, पण ती या वर्षीची गोष्ट नाही.

मग अर्जातल्या ओळी बदलतात. «कंटेनर प्लॅनिंग केलं» याऐवजी «आयात कंटेनरचा थांबण्याचा काळ टप्प्यांत विभागून मोजला, कागदपत्रांमुळे होणारा आणि वाहतुकीमुळे होणारा उशीर वेगळा काढला, त्यावरून थेट बंदरातून माल उचलण्याची शिफारस केली». हे तुम्ही सीएफएसमध्ये खरंच केलं असेल तरच लिहा; आणि ग्राहकांचे आकडे न देता लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या मुलाखती क्षमतांवर चालतात : परिस्थिती काय होती, तुम्ही स्वतः काय केलं, परिणाम काय झाला. «आम्ही केलं» म्हटलं की गुण जातात. मराठी माणसाला «मी केलं» म्हणताना जीभ जड होते, म्हणून घरी मोठ्याने सराव करा.

दारं कुठली? तुमच्या वयाला जागतिक बँकेचा यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम अजून खुला आहे. तिथे ३२ ची वयोमर्यादा आहे आणि जन्मतारखेची नेमकी अट जाहिरातीत असते. तो एकदा भरा, पण त्यावर आयुष्य टांगून ठेवू नका, जागा फार थोड्या असतात. जास्त माणसं शिरतात ती शॉर्ट टर्म कन्सल्टंट म्हणून. जागतिक बँकेत अशा सल्लागाराला एका आर्थिक वर्षात, म्हणजे १ जुलै ते ३० जून, कमाल १५० दिवस काम देता येतं. म्हणून जुलैच्या आसपास नव्या वर्षाचे करार निघतात आणि मे-जूनमध्ये उरलेल्या पैशांचे छोटे करार निघतात. ओळख नसताना लिहायचं तर तेव्हा लिहा. सोबत सीव्हीऐवजी रक्सौलच्या अभ्यासाचा दोन पानांचा गोषवारा जोडा, संस्थेने तो प्रसिद्ध करायला परवानगी दिली असेल तर. ती परवानगी आत्ताच, करारात मागून घ्या. संस्थेने अहवाल दाबून ठेवला तर तुमच्याकडे दाखवायला काहीच राहत नाही.

एक गोष्ट टर्म्स ऑफ रेफरन्समध्ये बहुधा नसेल, तरी अहवालात घ्या. सीमेवरचा उशीर कमी झाला की कोणाची रोजी बुडते? यार्डवाले, हमाल, कागद नेणारी मुलं, रांगेतल्या चालकांना जेवण विकणाऱ्या बायका. आपल्या मुंबईत हा धडा महागात पडलेला आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला जागतिक बँकेने २००२ मध्ये कर्ज मंजूर केलं. सव्वा लाखाच्या आसपास माणसं हलवायची होती. सांताक्रूझ–चेंबूर लिंक रोडच्या कडेच्या दुकानदारांनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार केली, कारण मोठं दुकान आणि कारखाना असलेल्यालाही २२५ चौरस फुटांचा गाळा मिळणार होता आणि बुडणाऱ्या धंद्याचा हिशेब कुठेच नव्हता. पॅनेलने चौकशी केली आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे काही महिने थांबवले. वाचलेल्या मिनिटांची किंमत मांडणाऱ्याने गेलेल्या गिऱ्हाइकांचीही मांडली असती, तर ही वेळ टाळण्याची संधी होती. रक्सौलला साध्या प्रश्नावलीने दोन दिवसांत शंभर-सव्वाशे लोकांचं उत्पन्न विचारता येईल. त्यासाठी भोजपुरी बोलणारी दोन माणसं घ्या. हिंदीतून विचारलं तर हमाल साहेबाला सांगतात तसं सांगतील.

या आठवड्यात करायचं ते एवढंच. संस्थेला एक ईमेल लिहा : काम खंडित चालेल का, नोंद घेणाऱ्यांसाठी तरतूद किती, शेऱ्यांच्या फेऱ्या किती, पहिला हप्ता कशावर, आणि गोषवारा वापरायला परवानगी मिळेल का. उत्तर आलं की त्याची प्रत घेऊन साहेबांकडे जा आणि वीस दिवस मागा. त्यांनी नकार दिला, आणि संस्थेने मनुष्यबळाची तरतूद व दिवसाला साडेनऊ हजारांच्या वरचा दर लेखी मान्य केला, तर राजीनाम्याचा विचार करा. पण त्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि स्वतःचा आरोग्यविमा हाताशी असू द्या. तरतुदीच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर हा करार नाकारा. रक्सौलची सीमा पुढच्या वर्षीही तिथेच असेल आणि तिच्यावरचे अभ्यासही.